जोडणीचे दिवस

९ जानेवारी

सकाळी इतका कोहरा की छतावरून किल्लाही दिसेना. ऑफिसला पोचायला उशीर झाला आणि तोमर साहेबांनी नेमकं आजच सगळ्यांना बोलावलं होतं. ज्या बातमीची कुजबुज चालली होती तीच बातमी. एक एप्रिलपासून आमची बँक इंदूरच्या बँकेत विलीन. दोन बँकांची दोन मुख्य कॉम्प्युटर-यंत्रं, एक इंदूरला आणि एक इथे सिटी सेंटरला; इथलं माझ्या ताब्यात. आधी दोन्ही एका जाळ्यात जोडायची, मग आमचं काम हळूहळू तिकडे न्यायचं, आणि शेवटी इथलं यंत्र बंद.

सगळे उठल्यावर साहेबांनी मला थांबवलं. "शामलाजी, इंदौर में सिस्टम हेड की जगह निकल रही है. आपका नाम भेज दूँ?"

मी ताबडतोब नाही म्हटलं. "ससुरजी अकेले पड़ जाएँगे, सर. घर में और कोई नहीं है."

"सोच लीजिए," ते म्हणाले. "मार्च तक टाइम है."

यात सोचायचं काय? बाबा, म्हणजे माझे सासरे मल्हारराव, शहात्तर वर्षांचे. जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, नोकरीही तिथलीच, शाळेत खेळांचे मास्तर. आई गेल्या, मग माझा नवरा, जयसिंह, गेला. तेव्हा उज्जैनहून माझा भाऊ न्यायला आला होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझी बॅग स्वतः उचलून दारापर्यंत आणली. त्या बॅगेकडे बघून मी भावाला म्हटलं, तू जा. तेव्हापासून आम्ही दोघं.

विलीनीकरणाचं त्यांना सांगितलं. इंदूरच्या जागेचं नाही. उगीच जिवाला घोर.

ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे न बोललेलं आता साठायला लागलंय. म्हणून ही वही.

१७ जानेवारी

बाबांनी आज विचारलं, "तुझं ते यंत्र करतं तरी काय? इतकी वर्षं ऐकतोय."

मी म्हटलं, "कपाटाएवढं एकच यंत्र आहे, बाबा. पण त्याच्या पोटात पुष्कळ सर्व्हर राहतात. लिनक्सवर चालतात सगळे. कुणी खाती सांभाळतो, कुणी एटीएम, कुणी पेन्शन. खरं यंत्र एकच, पण आतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत."

"म्हणजे बोर्डिंग."

"हो. फक्त इथे प्रत्येक पोराला वाटतं, अख्खं बोर्डिंग आपल्या एकट्याचं."

बाबा खूप हसले. "अशी पोरं होती माझ्याकडे," म्हणाले. मग गंभीर होऊन विचारलं, "आणि दोन बोर्डिंगं एकत्र केली की?"

"पत्ते तपासावे लागतात. एकाच पत्त्यावर दोघं राहायला लागले की निरोप कुणाला द्यायचा हे जाळ्याला कळत नाही."

हेच काम सध्या दिवसभर. दोन्ही बँकांनी आपापल्या घरात एकाच मालिकेतले पत्ते वापरलेत. जिथे जुळतात तिथे आम्ही बदलायचे, असं वरून ठरलंय. इंदूरच्या विमल पागेंशी रोज फोन. हुशार बाई आहे, पण बोलणं असं की जणू आम्ही ग्वाल्हेरचे आजच झाडावरून उतरलो.

२५ जानेवारी

जोडणी झाली! लाइन जोडली, इकडून हाक मारली, तिकडून उत्तर आलं. तोमर साहेबांनी सगळ्यांना तिळगुळाची गजक वाटली. मी चार तुकडे बाबांसाठी घरी आणले, तर घरभर जळका वास. बाबा म्हणाले, दूध उतू गेलं. दुधाचा वास नव्हता तो.

२९ जानेवारी

हजीरा शाखेचा सर्व्हर दुपारपासून जातोय आणि येतोय. पूर्ण बंद पडला असता तर बरं. काही मिनिटं चालतो, मग मुका. पुन्हा चालतो.

३१ जानेवारी

आज स्वतः हजीऱ्याला गेले. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. काउंटरसमोर मोठी रांग. पुढे एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या बायकोला डायलिसिसला न्यायचं होतं. कॅशियर तिसऱ्यांदा "सर्वर डाउन है, बाबूजी" म्हणाला, तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. "कोई बात नहीं," म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी तिथूनच ऑफिसात फोन लावला आणि त्यांचं काम दाणाओळीच्या शाखेतून करवलं, पण रांगेतल्या बाकीच्यांचं काय?

विमल पागेंना विचारलं. "आमच्याकडे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचे पत्ते नीट साफ झालेले नसणार."

२ फेब्रुवारी

हजीऱ्याच्या सर्व्हरला कोराकरकरीत नवा पत्ता दिला, जो दोन्ही बँकांत कुणाचाच नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. झालं! संध्याकाळपर्यंत एकदाही अडखळला नाही. म्हणजे पत्त्याचाच घोळ होता. तोमर साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की रोग सापडला.

घरी आले तर बाबांच्या बोटाला पट्टी. काकडी कापत होते म्हणे. काकडी? या थंडीत? "साहेबांचा फोन आला होता मागच्या महिन्यात एकदा," म्हणाले, "तू आंघोळीला होतीस, मग सांगायचं राहिलं. बराच वेळ बोलले. भला माणूस आहे."

"काय म्हणाले?"

"काही नाही. तुझं कौतुक."

६ फेब्रुवारी

तोंडघशी पडले. हजीरा उत्तम चाललंय, पण आता एटीएमचा सर्व्हर तशीच नाटकं करतोय. जातो, येतो. त्याचाही पत्ता बदलला, पुन्हा सुरू केला, बरा झाला. दुपारी पेन्शनचा पडला. रोग बरा होत नाहीये, घर बदलतोय.

इंदूरने भोपाळच्या वरिष्ठांच्या बैठकीत सांगितलं की ग्वाल्हेरचं जाळं अस्वच्छ आहे. तोमर साहेबांचा चेहरा उतरला होता. मार्चअखेर निस्तरलं नाही तर आमचं यंत्र ताबडतोब बंद करून आमच्या सगळ्यांना शाखांमध्ये वाटून टाकणार आहेत.

आज विमलताईंना सहज विचारलं, इंदूरला ऑफिसजवळ घरं कशी मिळतात. का विचारलं कोण जाणे. बोलायला विषय हवा म्हणून असेल.

१० फेब्रुवारी

बाबांचं काहीतरी बिनसलंय. आज दौलतगंजला जाऊन एक इवलासा कुकर घेऊन आले. "मोठा जड होतो," म्हणाले. कुणाला जड होतो? स्वयंपाक मी करते. मला यायला उशीर होतो, जेवण निवून जातं, त्यावर राग असेल का? तोंडाने बोलणार नाहीत. पूर्वी मुलं चुकली तरी ओरडायचे नाहीत म्हणे, स्वतः मैदानाला चक्कर मारायला लागायचे. मुलं शरमून मागे धावायची.

उद्यापासून लवकर यायचा प्रयत्न करीन.

१३ फेब्रुवारी

नाही जमलं. साडेआठ वाजले. दार लोटलेलं, बाबा घरात नाहीत. खालच्या मजल्यावर उषाताईंकडे सापडले, त्यांच्या स्वयंपाकघरात. उषाताई शाळेत गणित शिकवायच्या, त्यांचे यजमान जाऊन बराच काळ झाला. मला बघून दोघंही चपापले. बाबांनी हात पाठीमागे घेतले, एखाद्या पोरासारखे.

वर आल्यावर मी पोळ्या करायला घेतल्या. पण डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका अचानक की मी पोळी तव्यावर विसरले. बाबा आणि उषाताई? या वयात?

१४ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. का नसावं? आई जाऊन किती काळ लोटला. घरात बोलायला मी, तीही नेटवर्कचं बोलणारी. उषाताई चांगल्या आहेत, हसतमुख आहेत. लोक बोलतील तर बोलू देत. मी आडवी येणार नाही. मला काय, उलट आनंदच आहे.

मग डोळ्यांत पाणी का आलं, ते मात्र समजलं नाही.

२० फेब्रुवारी

आता वेगळीच भीती. बाबा कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभे होते, कितीतरी वेळ, एकेका बटणावर बोट ठेवत. मला विचारलं, पांढरे कपडे कुठल्या नंबरावर. सांगितलं. संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. काल गॅसचा नंबर कसा लावायचा हे दोनदा विचारलं. विसरायला लागलेत का? मास्तरांना अख्ख्या शाळेची नावं पाठ असायची.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी नीट तपासलं. आजची तारीख, उलटी मोजणी, पाच शब्द लक्षात ठेवायचे, सगळं. बाबांनी पाचही शब्द सांगितले आणि वर डॉक्टरांचा एक शब्द उच्चारात चुकला होता तो सुधारला. काही झालेलं नाही. उत्तम आहेत.

निघताना बाबांनी विचारलं, "डॉक्टर, एकट्या माणसाला चालेल इतका फिट आहे ना मी?"

डॉक्टर म्हणाले, "दादा, आप तो हॉकी खेलो."

मी हसले. गाडीत बाबा खूश होते, पाटणकर बाजारात गाडी थांबवायला लावून इमरती घेतली. माझ्यावरचं ओझं उतरलं.

२८ फेब्रुवारी

पुन्हा दोन सर्व्हर. मी ज्यांना हात लावते ते बरे होतात आणि ज्यांना लावत नाही त्यांतला एक आजारी पडतो. प्रत्येक पत्ता तपासलाय. एकही दुहेरी नाही. तरी लक्षणं तीच, दोघं एका पत्त्यावर राहिल्यासारखी. आज पहिल्यांदा वाटलं की मला हे येत नाही. इतक्या वर्षांनी.

तोमर साहेब केबिनमध्ये येऊन माझ्यासमोर बसले. रागवायला आले असतील असं वाटलं. म्हणाले, "मैंने ऊपर कह दिया है कि शामलाजी लगी हैं तो ढूँढ लेंगी. अब आप जानें." असा विश्वास रागापेक्षा जड जातो.

५ मार्च

आज सापडलं. नीट लिहून ठेवते.

सकाळी पेन्शनचा सर्व्हर गेला. मी विमलताईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, दोष कुणाचा ते नंतर ठरवू. आज एवढंच करा. या घडीला तुम्ही तिकडे काही नवीन सुरू केलंत का?"

त्या म्हणाल्या, "विलीनीकरणासाठी रोज एकेक नवा सर्व्हर उभा करतोय. आत्ता दहा मिनिटांपूर्वी एक केला. पण त्याचा पत्ता तुमच्या कुणाशी जुळत नाही, मी स्वतः बघितलंय."

"तो पत्ता नको. त्याच्या कार्डाचा नंबर वाचा."

सर्व्हरला पत्ते दोन असतात. एक आपण देतो तो, जो मी महिनाभर घासत बसले होते. दुसरा त्याच्या नेटवर्क कार्डाचा, जन्मखुणेसारखा. साध्या कॉम्प्युटरमध्ये तो कारखान्यातून येतो आणि जगात कुठेही दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. पण आमच्या यंत्राच्या पोटातल्या सर्व्हरांना खरं कार्ड नसतंच. यंत्रच त्यांना कल्पनेचं कार्ड देतं आणि त्यावर स्वतःच नंबर टाकतं.

विमलताई वाचायला लागल्या. शून्य दोन, शून्य शून्य, शून्य शून्य. माझ्या स्क्रीनवर पेन्शनच्या सर्व्हरचा नंबर उघडा होता. त्या एकेक जोडी वाचत होत्या आणि मी डोळ्यांनी पुढे पुढे जात होते. शेवटची जोडी त्या बोलायच्या आधी मी बोलले.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"कारण तो माझा आहे," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "अरे देवा!"

नंबराचा पहिला भाग यंत्राला आपण सांगायचा असतो. नाही सांगितला तर ते ठरलेला एक धरून चालतं आणि पुढे एक, दोन, तीन करत वाटत जातं. आम्ही कधी सांगितला नाही. इंदूरनेही नाही. का सांगावा? दोघांनाही आपलं यंत्र एकटंच होतं. इंदूर नवा सर्व्हर उभा करी, त्याला पुढचा नंबर मिळे, आणि इथे त्याच नंबराचा आमचा कुणीतरी आधीपासून बसलेला असे. मग निरोप कधी इकडे, कधी तिकडे. मी पत्ता बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करी तेव्हा त्याला आपसूक नवा नंबर मिळे, म्हणून तो बरा होई. पत्ता बदलल्याने काहीच होत नव्हतं. माझं औषध खोटं होतं, गुण मात्र खरा येत होता.

विमलताई म्हणाल्या, "शामला, मी भोपाळला फोन करते. दोष दोघींचा आहे असं सांगते." पहिल्यांदाच नुसतं शामला म्हणाल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना अर्धं कळलं असेल, पण असे टाळ्या वाजवायला लागले की उषाताई खालून विचारायला आल्या.

११ मार्च

काल रविवारी दोन्ही बँकांचे व्यवहार बंद ठेवून आमच्या यंत्राला नंबराचा नवा पहिला भाग सांगितला आणि सगळं पुन्हा सुरू केलं. सकाळी यंत्र बंद झालं तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की मला माझा श्वास ऐकू आला. मग एकेक सर्व्हर उठला. आज सोमवार, एकही तक्रार नाही. हजीऱ्याच्या कॅशियरने स्वतःहून फोन केला, "मैडम, आज मक्खन चल रहा है."

२२ मार्च

तोमर साहेबांनी पुन्हा विचारलं. "इंदौर वालों ने खुद आपका नाम माँगा है. पागे मैडम अड़ गई हैं." मी पुन्हा नाही म्हटलं. मला इंदूरला जायचंच नाही. इथे माझं सगळं आहे. एखाद्या शाखेत जागा देतील, काउंटर सांभाळीन. त्यात वाईट काय?

संध्याकाळी विमलताईंनी त्यांच्या ऑफिसातल्या खोलीचे फोटो पाठवले, खिडकीबाहेर मोठं कडुनिंबाचं झाड. कितीदा बघितले. सुंदर आहे झाड.

१ एप्रिल

विलीन झालो. दारावरची पाटी उतरवली. तोमर साहेब बाहेर उभे राहून बघत होते, म्हणून मीही उभी राहिले. ते मेअखेर सेवानिवृत्त होतील. आमचं यंत्र जूनपर्यंत चालेल, मग बंद. माझ्या हाताने नीट केलेलं, माझ्याच हाताने बंद करायचं.

घरी आल्यावर बाबांनी स्वतः चहा केला. चांगला झाला होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला चहा येतो?" ते म्हणाले, "मला पुष्कळ येतं. तुला काय माहीत?" आणि माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलावं अशी वाट बघत असल्यासारखे. मी रिकामे कप उचलून आत नेले.

१२ एप्रिल

आजच लिहायला हवं.

ऊन फार चढलं म्हणून ऑफिसातून दुपारीच निघाले. जिन्यात उषाताई भेटल्या. मला बघून त्यांचा चेहरा एकदम पडला. "अगंबाई, आज लवकर? ते… आज त्यांनी मला वर येऊ नको म्हणून सांगितलंय. एकट्याने सगळं करून बघायचं म्हणाले."

"काय सगळं?"

त्यांनी जिना मोकळा करून दिला. म्हणाल्या, "रागवू नकोस हो त्यांना."

दार उघडून आत गेले. दोरीवर कपडे वाळत होते, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. गॅसचा ओटा पुसलेला. जमिनीवर चटई, ताटात वरण-भात, तोंडल्याची भाजी आणि दोन पोळ्या, जवळजवळ गोल. समोर बाबा बसलेले. ताटाला हात लावलेला नव्हता.

"जेवत का नाही?" मी विचारलं.

ते दचकले. मग हसायचा प्रयत्न केला. "सगळं मी केलंय. बघ. सकाळपासून कुणाला काही विचारलं नाही. गोळ्याही घेतल्या."

"पण का, बाबा?"

"तोमर साहेबांनी सांगितलं मला, जानेवारीतच. त्यांना वाटलं, तू मला सांगितलं असणार. तुला इंदूरला बोलावतायत, आणि तू माझ्यासाठी नाही म्हणतेस." ते ताटाकडे बघत बोलत होते. "तू जयसिंह गेला तेव्हाही थांबलीस. तेव्हा मी तुला जा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, बॅगही उचलली, पण तोंड उघडेना. म्हटलं, या वेळी नुसतं जा म्हणून भागणार नाही, तू ऐकायची नाहीस. तुला दिसलं पाहिजे की म्हाताऱ्याचं अडत नाही. म्हणून उषाबाईंकडे शिकायला लागलो. बाई कडक आहेत. भात तीनदा टाकून द्यायला लावला."

कुकर, मशीन, बोटाची पट्टी, तो जळका वास. डॉक्टरांना विचारलेला प्रश्न. मी तिथेच जमिनीवर बसले. काय काय समजून बसले होते मी! उषाताईंसमोर कसं जाऊ आता?

"मग आज तर सगळं जमलंय," मी म्हटलं. "मग जेवा की."

बाबांनी ताट थोडं मागे सारलं. मग ते म्हणाले, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, "शामला, ताट वाढून घेतलं तेव्हा एक वाजला होता. तेव्हापासून बसलोय. मला एकट्यानं राहता येतं, पोरी. सगळं येतं आता. पण राहायचं नाहीये."

आणि ते रडले. जयसिंहाच्या वेळी माझ्यासमोर रडले नव्हते.

मीही रडत होते. आणि रडता रडता माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मला इंदूरला जायचं होतं."

हे मी कुणाला बोलले नव्हते. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. मला स्वतःला आजच कळलं.

त्यांनी डोळे पुसले, धोतराच्या सोग्याने, आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "मग हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्हाला तरी?"

"माझं जाऊ दे. मी म्हातारा आहे."

मी ताट त्यांच्याकडे सरकवलं, दुसरं घेतलं आणि माझ्यासाठी वाढून घेतलं. भाजी खारट होती. दोघांनी सगळी संपवली. मधेच ते म्हणाले, "इंदूरला मराठी बोलतात ना लोक?" मी म्हटलं, आपल्यापेक्षा जास्त. म्हणाले, "बघू."

१३ एप्रिल

सकाळी तोमर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हो म्हटलं. मुदत उलटली होती, पण विमलताईंनी जागा धरून ठेवली होती. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले, देवाला जोडावेत तसे. मग विचारलं, "और बाबूजी?"

"साथ आ रहे हैं."

"मान गए?"

"उन्होंने ही मनाया, सर." खरं म्हणजे कुणी कुणाला मनवलं हे अजून आमच्यात ठरायचंय.

संध्याकाळी उषाताईंकडे गेले, माफी मागायला. कशाची माफी ते सांगता येईना. त्यांनीच ओळखलं. पोट धरून हसल्या. "अगं, मला तो संशय तुझ्या चेहऱ्यावर केव्हाच दिसला होता. मल्हाररावांना सांगितलं असतं तर घाबरून शिकायलाच आले नसते, म्हणून गप्प राहिले." मग पदराने डोळे टिपले. "दुपार मोठी होईल आता मला." त्यांना दिवाळीत इंदूरला घेऊन जायचं मी ठरवलंय. त्यांना सांगितलं नाही अजून.

९ जून

यंत्र काल बंद केलं. आज सामानाचा ट्रक पहाटे गेला, आम्ही मागून भाड्याच्या गाडीने. बाबा खिडकीशी बसले होते. शिवपुरी येईपर्यंत नुसतं बाहेर बघत होते, कधी एखाद्या मैदानाकडे मान वळवून. मला सारखं वाटत होतं, हे मी काय केलं. म्हातारं झाड उपटून नेतेय.

गुन्याच्या पुढे चहाला थांबलो. ऊन भयंकर. बाबांनी विचारलं, "अर्धं झालं का?"

"थोडं कमी."

"म्हणजे अजून परत जाणं जवळ."

माझ्या हातातला कप थांबला. "जायचंय, बाबा?"

ते विचारात पडले. खरंच पडले, मला बरं वाटावं म्हणून लगेच नाही म्हणाले नाहीत. चहा संपवला, मातीचा कुल्हड डब्यात टाकला, पाठीला हात लावून सरळ उभे राहिले.

"नाही," म्हणाले. "पण विचारलंस ते बरं केलंस."

गाडीपाशी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. मी म्हटलं, तुम्हीच बसा तिथे. त्यांनी मान हलवली.

"इथवरचं मला माहीत होतं. या पुढे मी कधी आलेलो नाही. तू बघ आणि मला सांगत चल."

आता ते माझ्या खांद्याला टेकून झोपलेत. ब्यावरा मागे गेलं. रस्त्याच्या कडेला पळस आहेत, एका तळ्यात म्हशी बसल्यात, लांबवर एका शाळेच्या मैदानात पोरं या उन्हातही खेळतायत. उठले की सांगते.